मांडवापुढून गेलेला टँकर

उन्हाळा तापला, की धुळाप्पांचे पाचही टँकर सरकारी कामावर जातात आणि धुळाप्पा नियमांच्या मागे लागतात. ठरल्या विहिरीवर भरायचं, ठरल्या वस्तीवर रिकामं करायचं, अधेमधे थांबायचं नाही. थांबलं, तर जीपीएसमुळे तहसीलला कळतंच. पण त्याआधी धुळाप्पांना कळतं. त्यांचा ड्रायव्हर खालिद म्हणतो, "चहाला गाडी लावली तरी मालकांना वाटतंय, उजनी धरण फुटलं."

यंदा भाचीचं, सोनमचं लग्न भर मे महिन्यात वळसंगला निघालं. आठवडाभर आधी बहीण मायाक्का सोलापुरात येऊन हजर.

"अण्णा, तुजा टँकर आमच्या मांडवापुढनंच जातोय की. एक खेप आत वळव."

"टँकर माजा हाय, पाणी वस्तीचं हाय."

"एका खेपेनं सरकार बुडतंय व्हय?"

"सरकार न्हाय बुडत. तितं बायका घागरी घिऊन उन्हात बसत्यात."

"मग त्यांच्याच पोरींच्या लग्नात मामा म्हणून हुबा ऱ्हा. माज्या मांडवात पाय टाकू नगंस!" मायाक्का चहा तसाच ठेवून उठली.

भाची बोहल्यावर आणि मामा घरी? पण टँकर वळवायलाही धुळाप्पांचं मन घेईना. शेवटी त्यांनी नागप्पाला फोन लावला. नागप्पा म्हणजे दर टेंडरला समोर ठाकणारा गडी. यंदा काम हुकल्यामुळे त्याच्या गाड्या रिकाम्याच होत्या.

"नागप्पा, लग्नाला एक टँकर पायजे. भाड्यानं."

पलीकडे बराच वेळ नुसतं हसू. "आरं, हलवायानं शेजारच्या दुकानातनं पेढं न्यावं, तसं झालं की हे!"

"हसून घे. पाणी तेवढं गोड्या विहिरीचं आण."

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी टँकर उभा. त्यावर हातभर लाल अक्षरांत नागप्पाचं नाव. वऱ्हाडाच्या एकाही फोटोतून ते सुटेना. व्याही मिशीत हसत मायाक्काला म्हणाले, "मामाचे पाच टँकर हायत म्हणं, आन् पाणी दुसऱ्याचं?"

तेवढ्यात रस्त्यावरून खालिदचा टँकर आला. आता हा आत वळणार म्हणून माणसं बाजूला सरली. खालिदनं हात वर करून सलाम ठोकला आणि ब्रेकला पायही न लावता, धूळ उडवत वस्तीकडे निघून गेला.

मायाक्कानं पदर खोचला. "बघितला न्हवं? त्यो माज्या अण्णाचा टँकर. सख्ख्या बहिणीच्या दारात बी थांबत न्हाय!" भाऊ कलेक्टर झाल्यासारखा आवाज लागला होता तिचा. व्याह्यांची मिशी एकदम गंभीर झाली.

मग तिची नजर भावाला शोधू लागली. मांडवात पाय टाकायची बंदी, म्हणून धुळाप्पा नवा फेटा बांधून बाहेरच, नागप्पाच्या टँकरचा पाइप धरून पिंप भरत होते.

"त्यो पाइप काय धरून बसलास?" मायाक्का तिथूनच ओरडली. "पोरगी पाटावर हुबी हाय, मामा कुटं म्हणून भटजी वरडायलाय. चल आत!"

गुडघ्यापर्यंत भिजलेलं धोतर सावरत धुळाप्पा मांडवात शिरले आणि भाचीच्या पाठीशी ताठ उभे राहिले.