शीतलने न लिहिलेलं क्रियापद

शीतल गेल्याची बातमी आली तेव्हा मी दाभोशाला, जीप भरण्याची वाट बघत उभी होते. भातकापणी उरकत आली होती, बाया कामावरून परतत होत्या, आणि ड्रायव्हर आणखी दोन सवाऱ्यांसाठी हाका मारत होता. फोन निलेशचा होता, शीतलच्या चुलतभावाचा. "ताई, तापात कावीळ निघाली... नाशिकला नेत होतो... मोखाडा सोडलं आणि..." तो थांबला. मग म्हणाला, "संपलं." जीप भरली, निघूनही गेली. मी तिथेच उभी.

जव्हारात शीतलच्या घरचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मी पत्रकांवर वाढलेली. बाबा कष्टकऱ्यांच्या संघटनेचे, आमच्या घरी वर्तमानपत्राआधी पत्रक वाचलं जायचं. जमिनीचं, रेशनचं, सूर्यमाळच्या उन्हाळ्यातल्या पाण्याचं... पुढे ती मीच लिहायला लागले आणि टाइप व्हायची शीतलच्या हातून. "किती गं उद्गारचिन्हं घालतेस," हे दर वेळचं बोलणं. "वाचणाऱ्याला थोडं स्वतःहून चिडू दे की!"

रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत आमचा अड्डा असे. शीतल, निलेश, मी आणि काशी. काशी सूर्यमाळची, हॉस्टेलवर राहून कॉलेज करणारी. तिच्या घरची बोली वेगळी, मराठी तिची शाळेत शिकलेली. आम्ही जपानी मालिका बघायचो. मी एकदा कार्टून म्हटलं तर शीतलने माझा चहा उचलून काशीला दिला. "ॲनिमे म्हण, मग मिळेल."

त्यातल्या एका मालिकेने आम्हाला पछाडलं. डोंगरातल्या वाटेवर चुकलेल्या माणसांना कंदील दाखवत पलीकडे पोचवणारं एक पात्र. आखूड केस, सैल झगा, आवाज असा की काहीच ठरवता येऊ नये. बाई की पुरुष, हे मालिका शेवटपर्यंत सांगत नाही. हिंदीत डब करणाऱ्यांनी मात्र जाड आवाज देऊन 'मैं चलता हूँ' करून टाकलं होतं. शीतलने ठरवलं, मूळ जपानी ठेवायचं आणि खाली मराठी ओळी आपण द्यायच्या. पहिल्याच संवादाला गाडी अडली. 'मी जातो' लिहायचं की 'मी जाते'? जपानी क्रियापदाला हा प्रश्न पडत नाही, इंग्रजीलाही पडत नाही. मराठीत तोंड उघडलं की आधी हा हिशेब द्यावा लागतो.

त्याच दुपारी काशी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तो कुठं चालली?"

निलेश खो खो हसला. "तो चालली! अगं, आधी मराठी शीक."

"निल्या, गप बस," शीतलचा आवाज एकदम चढला. "काशी, परत म्हण."

काशीला वाटलं आपली थट्टा चाललीय. शाळेत याच चुकीवर तिला वर्गासमोर उभं केलेलं. ती काही परत म्हणाली नाही. पण शीतलच्या कामाला तिथून वाट फुटली. 'तो चालली' छापता येणार नव्हतं, ते चूकच दिसलं असतं. मग शीतलने बाई की पुरुष ते सांगणारं क्रियापदच लिहायचं सोडलं. 'मी निघालो'चं झालं 'निघायला हवं मला'. 'मी पाहते'चं झालं 'दिसतंय मला'. एकेका ओळीसाठी दुपार जायची, आणि वाचताना मात्र कुठे ठेच लागत नसे.

ते पात्र कोण, यावरून आमची भांडणं. निलेश म्हणे, पोरगाच. कंदील कसा धरलाय बघा. मला त्यात सत्तेला न सापडणारं बंडखोर माणूस दिसे. काशी म्हणाली, "ते आमच्यातलं आहे. वीटभट्टीवर जाणारं. तिथं विचारतात कुठलं, इथं विचारतात कुठं होतास. त्याला पण कोणी विचारलं का गप होतं बघ." ओळी इंटरनेटवर गेल्यावर अनोळखी माणसांचे निरोप येऊ लागले. हे माझंच चित्र आहे, असं कुणी लिही. आईला शेजारी बसवून दाखवलं, असं कुणी. आणि एकाने लिहिलं, 'स्पष्ट सांगायची हिंमत नाही म्हणून शब्दांचे खेळ करता.' तो निरोप शीतलने कितीदा तरी वाचला.

मीही एकदा विचारलंच. "पात्राचं सोड. तुझं काय?"

"पत्रकासाठी पाहिजे का उत्तर?" शीतलला हसू आलं होतं, पण डोळ्यांत नव्हतं. "मला कळलं की सांगेन. नाही कळलं तर नाही."

शीतलसाठी इथे 'तो' नाही की 'ती' नाही, हे वाचकांच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. जन्मदाखल्यावर काय आहे ते जव्हारला ठाऊक आहे. या लेखात ते येणार नाही. शीतलने स्वतःबद्दल बोलताना ते क्रियापद शक्य तिथे टाळलं, आणि आता बोलायला शीतल नाही म्हणून मी ते भरून टाकू?

बाकीच्यांनी मात्र घाई केली. चौकात नातेवाइकांचा फ्लेक्स लागला. फोटो जुना, लांब बाह्यांतला, आणि खाली क्रियापद ठसठशीत. संघटनेतून मंगेशदादांनी पत्रकाचा मजकूर धाडला: 'स्वतःची ओळख दडपून जगावं लागलेल्या आपल्या साथीला...' सही माझी हवी होती. मी फोन केला. "दडपून, हे तुम्हाला कुणी सांगितलं, दादा?"

"कुणी सांगायला कशाला हवं? दिसत होतं की."

"मलाही त्या कंदीलवाल्यात बंडखोर दिसत होतं. ते दिसणं माझं होतं, त्याचं नव्हे."

ते चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पोरी, नाव नसलेल्या माणसांचा मोर्चा निघत नाही." मी सही केली नाही, पत्रक निघालं नाही. पण त्यांचं म्हणणं खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. इथल्याच एखाद्या हॉस्टेलात एखादं पोर ते पत्रक घडी करून उशाखाली ठेवणार असेल, तर? मी शीतलचा मान राखला की त्या पोराचा आधार काढून घेतला?

घरी शीतलची आई एकच वाक्य धरून बसली होती. "माझं लेकरू गेलं गं..." त्या 'गेलं'ने मी दचकले. लगेच स्वतःला बजावलं: सगळ्याच आया लेकरू म्हणतात, त्यातही तू अर्थ शोधू नकोस. तरी ते वाक्य मी मनाशी कितीदा म्हणून पाहिलं...

दहाव्यानंतर आम्ही तिघं मागच्या खोलीत बसलो होतो. कम्प्युटर कुणी लावला नाही. मावशी, म्हणजे शीतलची आई, दाराशी बसून हळूहळू बोलत होत्या. निघताना आपण येतो म्हणतो, येते म्हणतो. शीतल विचारे, "येऊ?" आणि कुणी 'ये' म्हणेपर्यंत दारातून पाऊल हलत नसे. आम्हाला ती रीत वाटायची. मावशी म्हणाल्या, "गाडीत घातलं तेव्हापण विचारलं, आई, येऊ? मला रडं आवरेना. मी बोललेच नाही."

हॉस्टेलची वेळ झाली म्हणून काशी उठली. चपला घातल्या, दारात थबकली. तिच्या तोंडून सवयीने गेलं की मुद्दाम, कोण जाणे.

"मावशी, येऊ?"

"ये," मावशी म्हणाल्या. काशी पायऱ्या उतरून गेली. बऱ्याच वेळाने, रिकाम्या रस्त्याकडे बघत, त्या पुन्हा म्हणाल्या, "ये."