वरच्या सभागृहातले दाजी

आमच्या ह्यांचा जळफळाट एका गालिच्यावरून सुरू झाला. हे खालच्या सभागृहात चोपदार, तेही दुय्यम. मुख्य चोपदार अध्यक्षांच्या पुढे चालत मोठ्याने पुकारा करतो आणि हे त्याच्या मागून मुकाट चालतात. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, त्याच इमारतीत वरच्या सभागृहाचे मुख्य चोपदार. वर जाड गालिचा, खाली बूट वाजणारी फरशी.

"तिकडे सदस्य भांडतानासुद्धा 'आपण' म्हणतात," हे जेवताना पुटपुटायचे. "आमच्याकडे कागद फाडून भिरकावतात आणि वेचायचे आम्ही!"

निवडणूक आली की खालचं सभागृह विसर्जित व्हायचं आणि हे नवीन निवडून आलेल्यांना दारं दाखवत हिंडायचे. वरचं कधीच विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एकतृतीयांश लोक निवृत्त होतात, बाकीचे बसलेलेच. "लाडावलेलं सभागृह!" हे म्हणायचे. दाजींनी नवे बूट घेतले की टाचा ह्यांच्या दुखायच्या.

एकच आशा होती. खालचे मुख्य चोपदार निवृत्तीला आले होते आणि त्यांच्यामागे नंबर ह्यांचा होता. मोरीत नळ सोडून हे पुकाऱ्याचा सराव करायचे. शेजारीण घाबरून विचारायला आली होती.

तेवढ्यात सरकारचं एक विधेयक वर अडकलं. मंत्र्यांचं डोकं फिरलं आणि वरचं सभागृहच रद्द करायचा ठराव खाली आला. दोनतृतीयांश मतं हवी होती. मतदानाची घंटा ह्यांनीच वाजवली. ठराव मंजूर झाला, यथावकाश संसदेची मंजुरीही आली. त्या दिवशी हे शीळ घालत घरी आले.

"ताईचं कसं व्हायचं हो?" मी विचारलं.

"काही होत नाही. आता कळेल म्हणावं फरशी काय असते ती."

मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. ताईचा तोरा मीही कमी सोसला नव्हता.

मग आदेश निघाला. वरच्या कुणालाही काढायचं नाही, सगळ्यांना सेवाज्येष्ठतेनुसार खाली सामावून घ्यायचं. दाजी ह्यांच्या आधी नोकरीला लागलेले. खालचे मुख्य चोपदार निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी दाजीच आले.

रविवारी ताई आणि दाजी दोघं आमच्याकडे जेवायला आली. दाजी खुशीत होते.

"तुला सांगतो, वर्षानुवर्षं तुझा हेवा वाटायचा मला," ते ह्यांना म्हणाले. "अर्थसंकल्पावर शेवटचा शब्द तुमचा, सरकार पडणार तेही तुमच्याकडेच. आम्ही वर नुसता गालिचा झिजवायचो. देवानंच आणलं बघ मला खाली!"

मी भाजी आणायचं निमित्त करून आत गेले.

सोमवारी दाजींच्या मागून चालायला निघण्याआधी हे बराच वेळ बुटांचे बंद बांधत बसले होते.

"वरचं सभागृह हवंच होतं गं," मान वर न करता ते म्हणाले. "खालच्यांनी रागाच्या भरात काहीबाही करायला घेतलं, तर जरा थांबा म्हणणारं कुणीतरी नको का?"