व्याह्यांची पैसेवारी

आमच्या व्याह्यांनी पैसे लावले नाहीत अशी वस्तू जालना जिल्ह्यात उरलेली नाही. पैसे म्हणजे खिशातले नव्हेत, पैसेवारीचे. दर हंगामाला गावाचं पीक किती आलं ते एक समिती ठरवते. वावरात दोरीनं चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून, झोडून, तोलायचं, आणि शंभर पैशांपैकी गावाला किती पैसे पीक आलं ते कागदावर लिहायचं. पन्नासच्या आत आलं की दुष्काळ धरतात आणि गावाला सवलती मिळतात. माझ्या लेकीचे सासरे या समितीवर शेतकऱ्यांच्या वतीनं इतकी वर्षं बसले की तलाठी आले आणि बदलून गेले, हे मात्र जागचे हलले नाहीत. पुढं पुढं त्यांना दुसरी भाषाच उरली नाही. एसटीचा ड्रायव्हर तीस पैसे, गावातलं कीर्तन पंचेचाळीस, तेराव्याच्या जेवणातली बुंदी चाळीस. नातू झाला तेव्हा दवाखान्यात जाऊन त्याला उलटासुलटा बघितला आणि म्हणाले, सध्या छत्तीस धरा, पुढं बघू. माझी लेक चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

माझ्याशी त्यांची पहिली चकमक सुपारी फुटली त्या दिवशीची. तीर्थपुरीकडून जीप करून ही मंडळी आमच्याकडं जाफराबादला आली. मी फक्त चौथी शिकले, पण स्वयंपाकात मला कुणी नाव ठेवलेलं नाही. या गृहस्थांनी चौथी वाटी वरण ओरपलं, मिशा पुसल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं, पंचेचाळीस पैसे. मी विचारलं, मंग चार वाट्या कुठं गेल्या? ते जराही न लाजता म्हणाले, "इहीनबाई, पन्नासच्या वर मी कुणालाच जात न्हाई. वर गेलं की सरकार हात आखडतं."

"माझं वरण सरकार खात न्हाई," मी म्हणाले. तेव्हापासून आमचं बरं जमतं.

माणूस पैसे कमी लावतो, पण हयगयीनं लावत नाही, हेही सांगितलं पाहिजे. भाकरी वाढली तर ती तीन ठिकाणी दाबून बघणार. एका जागचा नमुना खरा नसतो म्हणे. साडी घ्यायला लेकीबरोबर गेले तर दुकानदाराला पूर्ण घडी मोडायला लावून पदर, मधला भाग आणि शेवट अशा तीन जागा उन्हात धरून बघितल्या. दुकानदारानं पुढच्या वेळी त्यांना चहा पाजून बाहेरच बसवलं. त्या चहालाही त्यांनी बत्तीस लावले.

अशा माणसाच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. लागलीच भावकी बोलायला लागली की चोरून पीत असणार. व्याह्यांनी दारूला कधी हात लावलेला नाही. तरुणपणी त्यांना एक कावीळ झाली होती, ती आतल्या आत राहिली आणि तिनं हे केलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. भावकीला कावीळ पटली नाही. दारूच्या गोष्टीत रंगत जास्त असते.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, गाठ काढली. जावई पुण्याला नोकरीला, विहीण वारून बरीच वर्षं झालेली, आणि माझी लेक डॉक्टर दिसला की रडते. म्हणून पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत मला पाठवलं. तिथं त्या गाठीच्या तुकड्याचा एक नवा रिपोर्ट मिळणार होता आणि व्याही त्यासाठी अडून बसले होते. त्यांचं खालचं वावर नांगरून तयार होतं. आयुष्यभर कापूस आणि सोयाबीन केलं, आता त्यांना तिथं मोसंबी लावायची होती. मोसंबी धड हाती यायला पाच वर्षं लागतात, सोयाबीन शंभर दिवसांत घरात येतं. आपल्याकडं पाच वर्षं आहेत का, एवढंच त्यांना डॉक्टरांकडून पाहिजे होतं. नर्सरीवाल्यानं रोपं त्यांच्या नावानं बाजूला ठेवली होती आणि तो रोज फोन करत होता.

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीएवढी होती, पण समजावून सांगायला चांगली. ती म्हणाली, आपल्या अंगाच्या कणाकणात जनुकं असतात. ती सगळी एकाच वेळी काम करत नाहीत, काही जागी असतात, काही झोपलेली. गाठीतली कोणती जनुकं किती जोरात काम करताहेत ते आम्ही मोजतो. आधीच्या पुष्कळ रोग्यांचं असं मोजून ठेवलंय आणि ते पुढं किती जगले तेही बघितलंय. त्यावरून तुमच्यासारख्यांचा अंदाज काढतो. हे अजून अभ्यासाचं काम आहे, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तुमचा आकडा वरचा आलाय.

व्याह्यांचा चेहरा उजळला. वर आला म्हणजे पीक जोरात, असं त्यांनी धरलं. बाईला मग सांगावं लागलं की इथं वरचा आकडा वाईट. जी जनुकं गाठ वाढवतात ती जागी आहेत. या गटातल्या पुष्कळ जणांचा आजार लवकर परत येतो.

व्याही खुर्ची पुढं ओढून, तलाठ्याशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "म्याडम, मंग जरा खाली लावा की. लावता येतं. आम्ही लावायचो."

बाईला हसावं की काय करावं कळेना. ती म्हणाली, "काका, हा आकडा मशीन काढतं. माझ्या हातात असतं तर लावला असता."

बाहेर येऊन आम्ही पायऱ्यांवर बसलो. मी चहा आणला. त्यांनी तो पिला आणि त्याला काही पैसे लावले नाहीत, तेव्हा मला माणूस खचल्याचं कळलं. नर्सरीवाल्याचा फोन वाजून वाजून बंद पडला. त्याला नाही म्हणून कळवा, असं त्यांनी मला सांगितलं. धीर बिर देणं मला जमत नाही. मी उलट त्यांना विचारलं, "इवाई, गावाला अडतीस पैसे लावले त्या साली तुमच्या खालच्या वावरात काय पिकलं व्हतं?"

"पिकलं व्हतं की. बराबर पिकलं व्हतं."

"अन् शेजारच्या?"

"त्याच्यात काहीच न्हाई."

"मंग अडतीस खोटे व्हते का?"

"खोटे कशानं? गावाचे बिलकुल बराबर व्हते."

"त्या बाईनं बी गावाचेच सांगितले. तुमच्या वावराचे तिला ठाव न्हाईत. तुम्ही जगताल असं मी म्हणून न्हाई राह्यले. मरताल बी. पर वावराचं कधी कळतं?"

"कापल्यावर," ते म्हणाले. आणि नर्सरीवाल्याला स्वतः फोन लावला.

मोसंबी लावली, आणि ओळींच्या मधल्या पट्ट्यांत सोयाबीन पेरलं. शंभर दिवस आणि पाच वर्षं, दोन्ही एकाच वावरात. भावकी त्यालाही हसली.

याला आता तिसरं वर्ष चाललंय. मधल्या काळात एकदा लिव्हरवर पुन्हा ठिपका दिसला, त्यावर औषध चालू आहे. अंगावर मांस राहिलेलं नाही. वावरात जातात, पण बांधावरच्या बाजेपर्यंतच. गेल्या महिन्यात मी लेकीकडं होते तेव्हा झाडांना पहिल्यांदा फुलं आली. वास पार घरापर्यंत येत होता. मोसंबीची पहिली फुलं ठेवत नाहीत, खुडून टाकतात, म्हणजे झाडाचा जोर फळात न जाता खोडात जातो आणि पुढं ते वर्षानुवर्षं देतं. लेक म्हणाली, औंदा राहू द्या मामा, निदान दोन फळं बघताल. ते बाजेवरून म्हणाले, खुडा, सगळी खुडा, झाड मोठं होऊ द्या.

मी आणि लेकीनं दिवसभर खुडली. ओंजळी भरभरून मातीत टाकली. एका झाडाच्या पलीकडच्या अंगाला, बाजेवरून दिसत नाही अशी एक फांदी होती. तिच्यावरची चार मी तशीच ठेवली. त्यांना काही बोलले नाही.