दत्तूअण्णा पैलवान नव्हते

माणूस गेल्यावरच समाजाला त्याची खरी ओळख पटते, असं मी दशक्रियेच्या माइकवरून नेहमी सांगतो. हे वाक्य संपेपर्यंत पुढच्या वक्त्याची गाडी पार्क होते.

त्या सकाळी ती होत नव्हती. चिखलीजवळ इंद्रायणीच्या घाटावर मंडप भरलेला, महाराजांचं प्रवचन संपलेलं, आणि ज्यांच्यासाठी सगळे थांबले होते ते माजी नगरसेवक, म्हणजे आमचे भाऊ, चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेले.

मी निवेदक आहे. पूर्वी चाकणच्या एका कंपनीत पर्सोनेल डिपार्टमेंटला होतो. तिथल्या कार्यक्रमांत हातात आलेला माइक रिटायर झाल्यावरही सुटला नाही. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे दहाव्याच्या विधीला भाषणं असतात. पक्ष, पतसंस्था, मंडळ, प्रत्येकाच्या वतीने एकेक जण उठून श्रद्धांजली वाहतो. कोणी कोणाच्या आधी बोलायचं, याला आम्ही प्रोटोकॉल म्हणतो. तो चुकला तर मयताच्या घरापेक्षा जास्त दुःख वक्त्याच्या घरी होतं. आणि वक्ता वाटेत असताना माइक गार पडू नये म्हणून निवेदक जे बोलतो, तो फिलर. हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे. इतक्या दशक्रिया केल्या, पण माझ्या माइकवर आजवर एकही तिरसट माणूस वारलेला नाही.

या वेळी वारले होते दत्तूअण्णा. चिखलीतलं जुनं शेतकरी घर. स्वतः चाकणच्या एका कंपनीची स्टाफ बस चालवायचे. किडनीचं दुखणं झालं, डायलिसिस सुरू झालं, ते बरेच दिवस चाललं आणि अण्णा गेले.

आदल्या संध्याकाळी त्यांची मुलगी सुजाता माझ्या घरी आली होती. हिंजवडीत नोकरी करते, मारुंजीला राहते. मी नेहमीचे प्रश्न विचारले.

"कुठल्या संस्थेवर होते?"

"कुठल्याच नाही."

"एखादं पद?"

"काका, ते ड्रायव्हर होते."

मी चहा मागवला. तिने कप बाजूला सरकवला.

"आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला क्रिएटिनिन किती होतं ते सांगते," ती म्हणाली. "पाणी कसं मोजून द्यावं लागायचं ते सांगते. आजाराच्या आधीचं विचारलं की गप्प होते. काल म्हणाली, मला ह्यांचा चेहरा आठवायला गेलं की तो सुजलेलाच येतो. आधीचा येतच नाही. उद्या एवढी माणसं जमतील. कोणीतरी बाबांबद्दल बोलू दे. आजाराबद्दल नको."

"मग तूच बोल."

"नाना नाही म्हणतात."

नाना म्हणजे सुदामनाना, अण्णांचे चुलतभाऊ. मंडपापासून महाराजांपर्यंत सगळं तेच ठरवत होते. सकाळी घाटावर मी त्यांना बाजूला घेतलं.

"नाना, पोरगी दोन शब्द बोलू द्या म्हणते."

"घरच्यांनी बोलायची पद्धत न्हाई आपल्यात, सर. आन बाईमाणसानं तर न्हाईच. भाऊ येत्याल, ते बोलतील."

"भाऊ ओळखत होते का अण्णांना?"

"भाऊ समद्यांना ओळखतात."

म्हणून मी फिलर वाजवत राहिलो. बायकांच्या बाजूला सगळ्यात पुढे शालनकाकू, अण्णांच्या पत्नी, बसल्या होत्या. शेजारची बाई काहीतरी विचारत होती आणि काकू बोटांवर औषधं मोजून सांगत होत्या. मी हसतमुख म्हणालो, मनमिळाऊ म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही.

अखेर भाऊ आले. आमच्या भागातल्या पुढाऱ्याला एका सकाळी अनेक दशक्रिया कराव्या लागतात. कोण गेलं, काय करत होतं, हे पीए गाडीत सांगतो. भाऊंनी फोटोला हार घातला, माइक घेतला आणि क्षणभर डोळे मिटले.

"लाल मातीचा एक सच्चा सुपुत्र आज आपल्यातून गेला," ते म्हणाले. "अण्णांनी ऐन तारुण्यात भल्याभल्या मल्लांना अस्मान दाखवलं. आजही डोळ्यासमोर उभी राहते ती पिळदार शरीरयष्टी."

मी फ्लेक्सकडे पाहिलं. फोटोतल्या अण्णांची मान शर्टाच्या कॉलरमध्ये सैल उभी होती. मंडपाच्या कडेला पीएने कपाळाला हात लावला. पुरुषांच्या बाजूला चुळबुळ झाली. दशक्रियेत वक्त्याला अडवत नाहीत. भाऊ पुण्याच्या कुठल्याशा आखाड्यापर्यंत पोचले, तेव्हा सुदामनाना उठले.

"भाऊ, जरा थांबा. दत्तू पैलवान नव्हता."

भाऊंचा सराव मोठा. "मनाने होते, नाना."

"मनानं बी न्हाई," नाना म्हणाले. "कुत्रं दिसलं तर बसमधनं खाली उतरत नव्हता."

मागून एक कामगार उठला. बोलण्यावरून मराठवाड्यातला, अण्णांच्या बसने जाणारा. "खरंय ओ. आधी आम्ही उतरून कुत्रं हाकलायचो, मग अण्णा चहाला यायचे."

शालनकाकूंनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. मला वाटलं, झालं, आता रडतील. त्या हसत होत्या.

"कोंबडीला बी भ्यायचे," त्या पदराआडून म्हणाल्या.

अशा वेळी निवेदकाने माइक घ्यायचा, 'भाऊंनी मोजक्या शब्दांत भावना व्यक्त केल्या' म्हणायचं आणि पुढचं नाव पुकारायचं. पुढचं नाव पतसंस्थेच्या चेअरमनचं होतं, आणि ते शर्ट नीट करत उभे राहिलेही होते. भाऊंनी माइक माझ्याकडे जवळजवळ ढकललाच. मी तो घेऊन बायकांच्या बाजूला गेलो. काकू हात पुढे करेनात, म्हणून सुजाताने तो त्यांच्यासमोर धरला.

"मालिका बघून रडायचे ते," काकू म्हणाल्या. "मी भाकरी थापत असायचे, तर उठून चुलीपाशी यायचे सांगायला. आज तिच्या सासूनं असं केलं म्हणून. जसं काय आपल्याच घरात झालंय. आन सुजीची वेणी तेच घालायचे. आधी ट्रकवर होते ना, ताडपत्री आवळल्यागत आवळायचे. पोरीच्या भुवया वर जायच्या."

"शाळेत बाई विचारायच्या, सारखी दचकल्यासारखी काय बघतेस," सुजाता म्हणाली.

आता लोक उघड हसायला लागले. काकू बोलत राहिल्या. लग्न झाल्या झाल्या अण्णांनी त्यांना बसमधून मारून आणलेली चक्कर, सासऱ्यांनी त्यावर दिलेल्या शिव्या, दर रविवारी बिघडवलेला रस्सा. एकदाही दवाखाना आला नाही. चेअरमन उभेच होते. शेवटी 'काकूंच्या भावना त्याच माझ्या भावना' एवढंच म्हणून ते खाली बसले. पतसंस्थेच्या इतिहासातलं ते सर्वांत चांगलं भाषण असावं.

पांगापांग झाल्यावर नाना आले.

"पद्धत मोडली तुमी, सर."

"सुरुवात तुम्ही केलीत."

नानांनी नदीवरच्या फेसाकडे बघितलं. "काय करणार? कुस्तीचं सहन झालं न्हाई मला."

पुढे सुजाताचा फोन आला. आई अजूनही क्रिएटिनिन सांगते, म्हणाली, पण आधी कोंबडी येते. चेहरा आता कधी सुजलेला दिसतो, कधी नाही.

या प्रसंगातून मी धंद्यापुरतं एवढंच शिकलो, की गेलेल्या माणसाबद्दल खरं बोला म्हटलं तर लोक गप्प बसतात, आणि कोणी चुकीचं बोललं तर आपोआप उठतात. मुद्दाम चुकीचं बोलायला मात्र मी अजून सुरुवात केलेली नाही.

हा घोळ कसा झाला, ते पीएने मला नंतर सांगितलं. आधी चिखली, मग चाकणजवळचे एक पैलवान, असं ठरलं होतं आणि माहितीही त्याच क्रमाने दिली होती. ट्रॅफिक बघून ड्रायव्हरने चाकण आधी घेतलं. त्यामुळे तिथे त्या पैलवानांना कामगारांची बस आयुष्यभर सुखरूप चालवणारे शांत ड्रायव्हर म्हणून श्रद्धांजली वाहिली गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि निवेदकाने भाऊंचे आभार मानले.