बाजेखालची वाफ

डॉक्टरांनी माझ्या कोपरावरचा पांढरा पापुद्रा काचेच्या पट्टीच्या कडेने हळूच खरवडला. खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटले. ते पाहून त्यांनी मान हलवली आणि ते इंग्रजीत म्हणाले, "सोरायसिस."

मी पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून ते माझ्याशी इंग्रजीत बोलत होते. आई दाराजवळ पदर सावरून उभी होती. सोरायसिस म्हणजे नवी कातडी गरजेपेक्षा फार लवकर तयार होणे. जुनी गळून पडायच्या आत नवी येते, थरावर थर साठतात, त्यांचे चंदेरी पापुद्रे होतात. हा आजार पूर्ण जात नाही. कमी होतो, पुन्हा उठतो. "पण तो कोणाला लागत नाही," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितले.

जळगावच्या दवाखान्यातून टांग्याने घरी येताना मी ते आईला सांगितले. ती "बरं" म्हणाली. माझ्या आवाजात सांगितलेली गोष्ट आमच्या घरात फार वेळ टिकत नसे.

घरात तेव्हा सगळे लक्ष ताईकडे होते. ती पहिल्या बाळंतपणाला आली होती आणि तिला मुलगा झाला होता. मेहुणे भुसावळला रेल्वेत. युद्धाच्या गाड्यांमुळे त्यांना रजा नव्हती, म्हणून बारसे सव्वा महिन्यावर ढकलले होते. बारशाला एका बाजूला आत्या आणि दुसऱ्या बाजूला मावशी उभी राहते. पाळण्याच्या वरून, खालून बाळ एकमेकींच्या हातात देतात, मग त्याचे नाव ठेवतात. मावशी मी एकटीच होते. मला दुसरे काही नको होते.

बाळंतपण करायला धुळ्याकडच्या खेड्यातून आईची थोरली बहीण, अक्का, आली होती. तिने माझे हात पाहिले आणि बाळ माझ्यापासून दूर सरकवले.

"हात लावू नको, माय. लागी जाई."

"डॉक्टर म्हणाले लागत नाही," मी पुटपुटले.

"डाक्टरले काय समजस? आंगनी उष्णता शे. वाफ दी का बठ्ठी निंघी जाई." वाफेने अंगातली सगळी उष्णता निघून जाते, असे तिचे मत.

ताईच्या बाजेखाली रोज शेगडी असे. शेक घेऊन, हळद आणि डाळीचे पीठ चोळून तिची कातडी तुकतुकीत झाली होती. अक्काने ठरवले की जे बाळंतिणीला चालते ते मलाही चालेल. माझ्यासाठी अंगणात दुसरी बाज आली. खाली कडुनिंबाचा पाला उकळणारे पातेले, वर मी, माझ्यावर घोंगडी. बाहेर वैशाख पेटलेला होता.

खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी बरे वाटले. पापुद्रे मऊ पडले, खाज थांबली. मला वाटले, बारशापर्यंत सगळे बरे होईल. मग अक्काने पीठ घेऊन पाठ आणि हात असे घासले की पापुद्रे तिच्या बोटांना चिकटून आले. "देख, कसा मळ निंघना!" ती खूश होऊन म्हणाली. खाली कातडी लालबुंद होती. मीही खूश होते. लाल म्हणजे ताजी, असे मला वाटले.

रोज वाफ, रोज घासणे. घोंगडी टोचे. रात्री झोप येईना. कूस बदलली की आग होई, उठून बसले की खाज. मी अंगणात येरझाऱ्या घाली आणि आतून बाळाचे रडणे ऐके. मग जिथे आधी काहीच नव्हते, त्या पोटऱ्यांवर आणि खांद्यावर डाग उठले. जिथे जिथे अक्काचा हात जोरात फिरला होता, बरोबर तिथे.

पुन्हा दवाखाना. बाकावर बसून मी लांब बाह्या मनगटापर्यंत ओढत होते. डॉक्टर रागावले नाहीत.

"वाफ घ्यायची तर थोडी घ्या, सोसेल इतकीच," ते म्हणाले. "उन्हाळ्यात नकोच. पापुद्रे सोलायचे नाहीत. या आजारात जिथे कातडी दुखावते तिथे नवा डाग येतो. अंगाची आग झाली की उठायचे. मग टिपून घ्यायचे आणि ओल्या अंगावरच तेल लावायचे."

त्यांनी डांबराचे मलम दिले. वास असा की ताई हसून म्हणाली, "नवी सडक आली गं घरात!" सकाळचे कोवळे ऊन, खोबरेल आणि ते मलम. आग शमली. डाग फिकट झाले, पण गेले नाहीत.

बारशाच्या दिवशी ते होतेच. आत्याबाई पाळण्याच्या एका बाजूला उभ्या राहिल्या. अक्काने शेजारच्या काकूंना दुसऱ्या बाजूला पुढे केले. खोली बायकांनी भरलेली. माझे हात बाह्यांच्या आत घामेजले होते. मी भिंतीपासून पुढे आले आणि बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.

"अक्का, मावशी मी आहे."

"पोरी, लागनं तं?"

"इतके दिवस मला रोज तूच चोळलंस ना? उघड्या हातांनी. तुला कुठे लागलं?"

 अक्काने आपले दोन्ही तळवे उलटेपालटे करून पाहिले. सावकाश, जणू पहिल्यांदाच. मग काकूंच्या हातातून बाळ घेतले आणि माझ्यासमोर धरले.

"ले मंग. मान नीट धर."

डॉक्टरांची मी ऋणी आहे. ताईची आणि चुकले असले तरी अक्काच्या हातांचीही. हा आजार ज्यांना आहे त्यांनी वाफ जपून घ्यावी आणि कोणाला घासू देऊ नये. दर हिवाळ्यात माझे डाग पुन्हा उठतात. भाचा आता चालतो-बोलतो, आणि माझ्या कोपरावरचा पांढरा डाग दिसला की त्यावर बोट ठेवून विचारतो, "मावशी, हे काय?" मी बाही खाली ओढत नाही.