यादी कायम, बाई हंगामी

माझ्या भाचीला घरात सगळे कुलूपबाई म्हणतात. पिठाच्या डब्यालाही कुलूप लावील अशी. लग्नानंतर नवऱ्याचं तोंड नीट बघायच्या आधी तिनं कपाटाची किल्ली लागते का ते बघितलं, असं माझी बहीण सांगते. बहीण तिखटमीठ लावते, पण एवढं नाही.

टायरच्या दुकानावरच्या माडीत तिचं ऑफिस. खाली हवा भरल्याचा फुसकारा, वर पंख्याची कुरकुर. एका इस्पितळाच्या रक्तपेढीचं सॉफ्टवेअर ती लिहायची. नोकरी हंगामी. साहेब दर खेपेला म्हणायचे, "पुढच्या वर्षी कायम करू," आणि ही त्या शब्दावर आणखी वर्षभर घासायची.

रक्ताचे गट आठ. ते काही उद्या नऊ व्हायचे नाहीत. म्हणून तिनं ते प्रोग्रामच्या एका कप्प्यात, म्हणजे तिच्या भाषेत क्लासमध्ये, यादी करून ठेवले आणि यादीच्या नावामागं 'कायम'चा शिक्का मारला. बाकीचा प्रोग्राम गट ओळखायचा तो यादीतल्या जागेवरून: पहिला, दुसरा, तिसरा.

"आता कुणाच्या बापाला बदलता येणार नाही, मामा!"

शेजारच्या टेबलावर एकजण बसायचा, ऑफिसात सगळे त्याला टापटिप्या म्हणायचे. कपातला चमचासुद्धा सरळ रेषेत ठेवणारा. आपल्या पडद्यावर गट अक्षरांच्या क्रमानं दिसावेत म्हणून त्यानं तिची यादी मागून घेतली आणि तीच क्रमानं लावून टाकली. यंत्र हूं की चूं बोललं नाही. गटांच्या जागा हलल्या आणि रक्ताच्या पिशवीवर भलत्याच गटाची चिठ्ठी छापून आली. पिशवी द्यायच्या आधी तिथल्या नर्सनं रक्त पुन्हा तपासलं म्हणून कुणाचा तरी जीव वाचला.

साहेबांनी दोघांना उभं केलं. "यादी कुणाची?"

"माझी. पण मी कायम लिहिलं होतं, सर."

"काय कायम? त्या नावाखाली दुसरी यादी आणता येत नाही, एवढंच. आतल्या गटांना कुणीही हात घालतंय!"

"मला वाटलं, कायम आहे म्हटल्यावर यंत्रच अडवेल," टापटिप्या म्हणाला, आणि साहेबांनी मान डोलावली. त्याच्याकडं बघून.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "म्हणजे खुंट्याला दुसरी म्हैस बांधता येत नाही, पण आहे तिची धार कुणीही काढावी?"

"अगदी तसंच. आणि शेण माझ्या पदरात."

चूक तिची होती, ती तिनं निस्तरली. यादी क्लासच्या आत खासगी केली. मागेल त्याला नक्कल. नक्कल घ्या, उलटी टांगा, चुलीत घाला. अस्सल हलणार नाही. नंतर एकही चिठ्ठी चुकली नाही.

वर्ष सरलं. साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुझी जागा कायम झाली."

हिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब म्हणाले, "जागेवर टापटिप्याला घेतोय. जायच्या आधी त्याला सगळं नीट समजावून दे. तुझ्याइतकं बारीक कुणी सांगणार नाही."

तिनं समजावून दिलं. नक्कल नव्हे, सगळं अस्सल.

रात्री फोन आला. "मामा, खुंटा पक्का झाला."

"आणि म्हैस?"

"सोडली. धार काढून घेतली आधी."