शेख सरांची हजेरी

गोरेगाव या खेड्यातल्या शाळेत मी नवा शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा गणिताच्या शेख सरांनी माझा नेमणुकीचा आदेश उत्तरपत्रिका तपासावी तसा दोनदा वाचला आणि म्हणाले, "बराबर." हा शब्द त्यांच्याकडून सहजासहजी मिळत नसे, हे मला पुढे कळलं. आज सरांची पंचाहत्तरी साजरी होत असताना मला तोच शब्द आठवतो आहे.

निवृत्तीनंतर सर स्वस्थ बसले नाहीत. आम्हा बंजाऱ्यांच्या तांड्यातांड्यांवर जाऊन त्यांनी म्हाताऱ्या बायांची गाणी ध्वनिमुद्रित केली. माझी आई, म्हणजे आमची याडी, एरवी कुणापुढे तोंड उघडत नसे. सरांना भाऊ मानून ती तासभर गायली. वर्षभरात ती गेली. तिचा आवाज उरला तो फक्त सरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि ते यंत्र बिचारं अखेरच्या घटका मोजत होतं.

ते भलंमोठं फोल्डर नव्या कॉम्प्युटरवर न्यायला मी सरांच्या घरी गेलो. माऊसने ओढलं की अर्ध्यातच अडकायचं. तिसऱ्या खेपेला सगळी नावं पडद्यावर दिसली आणि मी, स्वभावाने उतावळाच, म्हणालो, "आलं की सर सगळं. जुनं पुसून टाकतो."

सरांनी माझा हात धरला. "नाव आलं म्हंजी माणूस आला व्हय, राठोड? हजेरी घेऊ द्या."

या वयात पुस्तकं वाचून शिकत सरांनी एक स्क्रिप्ट लिहिली होती. कॉम्प्युटरने क्रमाने करायच्या कामांची यादीच ती. दोन्हीकडची एकेक फाइल ताडायची, जुळली तर 'बराबर' लिहायचं, नाही तर 'गैरहजर' लिहून ती पुन्हा आणायची. 'बराबर'च्या ओळींवर ओळी उमटत गेल्या. मग आलं: 'याडी – गैरहजर'.

मी ती फाइल उघडून पाहिली. नाव होतं, आत आवाज निम्माच. दुसऱ्यांदाही गैरहजर. मी पुसून टाकलं असतं तर?

"घाबरून काहून राहिले?" सर म्हणाले. "लेकरू एका हाकेत हजर म्हणतं का?"

तिसऱ्यांदा 'बराबर' आलं. जीव भांड्यात पडला आणि मला रडू आवरेना. सरांनी गाण्याचा शेवट लावला. याडी थांबली, खोकली आणि म्हणाली, "शेखभाऊ, आलं का समदं?"

मागोमाग त्याच ध्वनिमुद्रणात सरांचा तेव्हाचा आवाज आला, "बराबर, बाई."

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. वर्षानुवर्षं आम्ही त्यांच्या दारात हजेरी घ्यायला जावं आणि आतून तोच शब्द ऐकू यावा.